गाडी बुक करण्याआधी तिच्या खोडी ओळखा: पहिली गाडी घेणाऱ्यांसाठी

मायलेज, एअरबॅगा आणि ईएमआय यांबद्दल सल्ला देणारे शंभर जण भेटतात. एसीचा पंखा कमी करायला पडद्यावर तीनदा बोट लावावं लागतं, डिकी बाहेरून उघडतच नाही, पाण्याची बाटली दारातल्या कप्प्यात उभी राहत नाही, हे मात्र कुणी सांगत नाही. ब्रोशरमध्ये ते नसतं आणि वॉरंटीतही बसत नाही. सर्व्हिस सेंटरवर तक्रार केली तर "मॅडम, या मॉडेलला असंच येतं" हे ठरलेलं उत्तर मिळतं. म्हणजे बिघाड म्हणावा तर तो नाही, आणि रोज दातओठ खायला लावल्याशिवाय राहत नाही. यालाच मी गाडीची खोड म्हणते.

घरच्या गाड्या घेतल्या तेव्हापासून नात्यात कुणी गाडी बघायला निघालं की मला सोबत नेतात. त्यातून जी पद्धत बसत गेली ती इथे लिहिते आहे. इंजिन कुठलं, पेट्रोल की इलेक्ट्रिक, कर्ज कुठून, यात मी पडणार नाही. दोन-तीन गाड्यांवर मन बसलेलं आहे आणि बुकिंगची रक्कम अजून खिशातच आहे, इथून पुढचं हे सगळं आहे.

## १. शोरूमला जाताना सोबत काय न्यायचं

- ड्रायव्हिंग लायसन्स. त्याशिवाय टेस्ट ड्राइव्ह देत नाहीत आणि दिली तरी घेऊ नये.
- घरातली सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटकी व्यक्ती. गुडघे दुखणारं कुणी असेल तर ती व्यक्ती आधी.
- रोज घालता ती पादत्राणं. शोरूमला जायचं म्हणून काढलेले चकचकीत बूट नकोत.
- एक लिटरची पाण्याची बाटली, तुमचा फोन आणि त्याची नेहमीची केबल.
- गावाला जाताना नेता ती मोठी बॅग. लहान मूल असेल तर त्याची सीट किंवा बाबागाडी.
- मोजायची टेप. सोसायटीतल्या पार्किंगची रुंदी आणि खांबांमधलं अंतर घरूनच लिहून न्या.
- तुम्हाला परवडणाऱ्या व्हेरियंटचं (एकाच मॉडेलच्या कमी-जास्त सोयींच्या प्रकाराचं) नाव, कागदावर, ठळक अक्षरात.

आणखी एक काम घरी बसून होतं. बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर गाडीचं ओनर्स मॅन्युअल फुकट मिळतं. ते उतरवून घ्या आणि स्टेपनी, सूचनांचे आवाज, चावीची बॅटरी संपली तर काय, एवढी तीन प्रकरणं तरी वाचा. विक्री करणाऱ्या मुलाला ठाऊक नसतं असं बरंच काही त्यात छापलेलं असतं.

टेपबद्दल हसू नका. ब्रोशरमधली गाडीची रुंदी बहुधा बाजूचे आरसे सोडून दिलेली असते, आणि आपली गाडी आरशांसकट दोन खांबांमध्ये शिरायची असते.

## २. खोड येते कुठून, ते आधी समजून घ्या

हे वाचायला थोडं थांबा, कारण कारण कळलं की कुठे बघायचं ते आपोआप कळतं.

पहिलं कारण: गाडी मुळात दुसऱ्या बाजूच्या स्टीअरिंगसाठी बनलेली असते. स्कोडा आणि फोक्सवॅगनच्या भारतातल्या गाड्यांत इंडिकेटरची दांडी डाव्या हाताला असते आणि वायपरची उजव्या. मारुती, ह्युंदाई, टाटा वापरणाऱ्याला याच्या बरोबर उलट सवय असते. भर उन्हात वायपर फिरवत वळणारी नवी कोरी गाडी दिसली, तर मालकानं नुकताच ब्रँड बदललाय असं समजा. युरोपातल्या डाव्या स्टीअरिंगच्या गाडीत ही मांडणी सोयीची आहे, कारण तिथे गिअर उजव्या हाताला असतो आणि डावा हात मोकळा राहतो. आपल्याकडे तीच मांडणी तशीच आली की गिअर आणि इंडिकेटर अशी दोन्ही कामं डाव्या हातावर पडतात. वळणावर गिअर कमी करता करता इंडिकेटर द्यायचा असेल तेव्हा हे जाणवतं. सवय होते, पण घरात दोन वेगळ्या ब्रँडच्या गाड्या असतील तर गोंधळ जन्मभर चालू राहतो.

दारांच्या काचा वर-खाली करायची बटणंही याच कुळातली. जुन्या स्कॉर्पिओत ती दोन सीटच्या मधे होती आणि २०२० मध्ये नवी थार आली तीही तशीच. बटणं मधे ठेवली की तोच भाग डाव्या-उजव्या दोन्ही स्टीअरिंगला चालतो आणि तारांचा पसाराही कमी होतो. कंपनीचं काम होतं. टोलनाक्यावर दारावर हात चाचपत आपण बसतो.

दुसरं कारण: कर. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा लांब नसलेल्या आणि लहान इंजिनाच्या (पेट्रोल १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत) गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं गेलं. तेव्हापासून आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांची शेपटी या चार मीटरच्या रेषेवर कापलेली आहे. स्विफ्ट डिझायरचंच बघा. २००८ ची डिझायर चार मीटरहून लांब होती आणि तिची डिकी ४४० लिटरची होती. २०१२ मध्ये तीच गाडी ३९९५ मिलिमीटरमध्ये बसवली आणि डिकी ३१६ लिटरवर आली. कराची भिंत अजून तशीच उभी आहे; सप्टेंबर २०२५ पासून या मर्यादेतल्या गाड्यांना १८ टक्के जीएसटी आहे आणि तिच्याबाहेरच्यांना ४० टक्के. त्यामुळे ३९९० ते ३९९९ मिलिमीटर लांबीची गाडी घेताय ना, तर डिकी आणि मागच्या सीटची गुडघ्यापुढची जागा दोन्ही स्वतः मोजा. कुठेतरी काटछाट झालेली असणारच.

तिसरं कारण: खर्च. टाटा नॅनो हे याचं सगळ्यात प्रामाणिक उदाहरण म्हणायला हवं. एकच वायपर, चाकाला तीनच नट, आणि पेट्रोल भरायचं तर पुढचं बॉनेट उघडायचं. इंजिन मागे असूनही सुरुवातीच्या नॅनोला मागून उघडणारा दरवाजा नव्हता. सामान मागची सीट पाडून आतून ठेवावं लागे. उघडणारी डिकी आली ती २०१५ मध्ये. स्वस्त गाडीत हे समजून घेता येतं. आताच्या गंमती मात्र बारा-पंधरा लाखांच्या गाड्यांतल्या आहेत: चालकाच्या काचेचं एकच बटण रात्री उजळतं आणि बाकीची तीन अंधारात, किंवा चालकाच्या बाजूच्या सन व्हायझरला आरसाच नाही. एका बल्बचे पैसे वाचवून कुणाला काय मिळालं, देव जाणे.

## ३. सगळ्यात आधी मागे बसा

शोरूमचा माणूस तुम्हाला चालकाच्या सीटकडे नेईल. नवा स्टीअरिंग हातात आला की माणूस विरघळतो, आणि पुढचं काही त्याला दिसत नाही. तुम्ही सरळ मागचं दार उघडा.

आत शिरताना दार किती कोनात उघडतं ते बघा, आणि गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीला दोनदा चढू-उतरू द्या. छताचा उतार मागे फार असेल तर डोकं वाकवून शिरावं लागतं. कूपेसारख्या दिसणाऱ्या गाड्यांची ही घरचीच खोड.

मग पट्टा लावा. मागच्या सीटवर बसणाऱ्यांनाही पट्टा बंधनकारक आहे, हे विसरू नका. आमच्या ओळखीतल्या एका गाडीत मागच्या पट्ट्याचं बक्कल सीटच्या फटीत इतकं रुतलेलं आहे, की ते एका हातानं वर ओढून धरायचं, दुसऱ्या हातानं पट्ट्याची जीभ आत सरकवायची, आणि हे सगळं करताना शेजारच्याच्या मांडीखाली हात जातो. सासूबाईंची बोटं संधिवातानं आखडलेली. पहिल्या प्रवासात त्यांनी चार-पाच वेळा खटपट केली, टक् असा आवाज काही आला नाही, आणि मग "राहू दे गं, जवळच तर जायचंय" म्हणून पदर खांद्यावर ओढून बसल्या. जीव वाचवणारी वस्तू केवळ बक्कल दोन इंच खाली आहे म्हणून निरुपयोगी होते. तेव्हा मागची तिन्ही बक्कलं, तिथे माणसं बसलेली असताना, लावून बघा. रिकाम्या सीटवर ती नेहमीच लागतात.

मुलाची सीट नेली असेल तर ती अडकवायचे आयसोफिक्सचे हुक शोधा. काही गाड्यांत ते गादीच्या इतक्या आत असतात की नखं तुटतात.

## ४. मग डिकी

डिकी बाहेरून बटणानं उघडते, की चावी किंवा आतली खिट्टी लागते? खालच्या व्हेरियंटमध्ये अजूनही सर्रास खिट्टीच असते. दोन्ही हातांत पिशव्या असताना आधी चालकाचं दार उघडायचं, वाकून खिट्टी ओढायची, मग वळसा घालून मागे जायचं. रोजची भाजी आणणाऱ्यांनी हा एकच मुद्दा पक्का धरावा.

तुमची बॅग आत ठेवून झाकण बंद करा. सेडानमध्ये झाकणाचे वाकडे बिजागर बंद होताना खाली उतरतात आणि बॅगेवर आपटतात. ती जागा लिटरच्या आकड्यात धरलेली असते, वापरता मात्र येत नाही.

स्टेपनी कुठे आहे ते दाखवायला सांगा. आहे का, हेही विचारा. २०२० मध्ये नियम बदलले आणि ट्यूबलेस टायर, पंक्चर काढायचं किट आणि टायरमधल्या हवेची सूचना देणारी यंत्रणा असेल तर स्टेपनी देणं बंधनकारक राहिलं नाही. असेल तर ती बाकीच्या चाकांच्या मापाची आहे का बघा. लहान मापाच्या तात्पुरत्या स्टेपनीवर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते. गाडीच्या पोटाखाली टांगलेली स्टेपनी पावसाळ्यात, चिखलात, रस्त्याकडेला झोपून काढायची असते, हेही डोळ्यांपुढे आणा.

सीएनजी घेणाऱ्यांनी तर डिकी उघडल्याशिवाय पुढे बोलूच नये. एकच मोठी टाकी असेल तर बॅगेची जागा संपली. टाटानं २०२३ मध्ये अल्ट्रोझमध्ये दोन लहान टाक्या डिकीच्या तळाखाली बसवल्या आणि स्टेपनी गाडीच्या खाली नेली. त्यानं जागा वाचते. जुन्या पद्धतीच्या मांडणीत पंक्चर झाल्यावर चाक आणि पाने काढायला काय काय हलवावं लागतं, ते शोरूममध्येच करून दाखवायला लावा. नाही म्हणाले तर समजायचं ते समजा.

## ५. आता चालकाची सीट

माझी उंची पाच फूट एक. सीट वर करायची सोय नसेल तर बॉनेट दिसत नाही, वर असेल तर काही गाड्यांत स्टीअरिंगच मीटरच्या मधोमध येतं आणि ४० ते ८० चा भाग झाकला जातो. स्टीअरिंग वर-खाली होतं का आणि पुढे-मागेही होतं का, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विचारलं की "स्टीअरिंग ॲडजस्टेबल आहे" एवढंच उत्तर येतं. हात घालून बघा.

टोयोटा इटिऑसचा आणि मारुती एस-प्रेसोचा वेगाचा काटा किंवा आकडा समोर नसून डॅशबोर्डच्या मध्यावर असतो. काहींना त्याचं काहीच वाटत नाही. चष्म्याचे दोन नंबर असणाऱ्यांनी मात्र मान वळवून आकडा नीट दिसतो का बघावं.

डावा पाय कुठे ठेवायचा ते शोधा. क्लच दाबून झाल्यावर पाय टेकवायला जागाच नसेल, तर ताम्हिणीसारख्या लांब रस्त्यावर तो क्लचवर तरंगत राहतो. क्लचही झिजतो आणि पिंढरीही. ऑटोमॅटिक घेताय तरी पाय टेकायची जागा हवीच.

पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब, म्हणजे ए-पिलर, गाड्या मजबूत होत गेल्या तसे जाड झाले. सीट तुमच्या मापाची लावून कुणाला तरी उजव्या कोपऱ्यासमोरून चालत जायला सांगा. पूर्ण माणूस खांबाआड गेला तर चौकात मोटारसायकलही जाणार. याला इलाज नाही, सीट बदलून थोडा फरक पडतो इतकंच.

बाटली दारात ठेवा आणि दार धाडकन लावा. फोन ठेवायची जागा बघा, केबल लावा. कित्येक नव्या गाड्यांत फक्त टाइप-सीच भोक असतं आणि आपल्याकडे जुनी चपटी केबल असते. फोन बिनतारी चार्ज करायच्या खाचेत तुमचा फोन त्याच्या कव्हरसकट मावतो का, हेही तेव्हाच कळतं.

## ६. पडदा: इथे घाई करू नका

मोठा पडदा ही आज शोरूममधली सगळ्यात विकली जाणारी वस्तू आहे, आणि माझ्या मते नव्या गाड्यांमधली सगळ्यात मोठी खोडही तीच.

बटणाला उंचवटा असतो. डोळे रस्त्यावर ठेवून बोटांनी ते सापडतं. गुळगुळीत काचेवर बोटाला काहीच कळत नाही, म्हणून डोळे खाली जातात. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. दोन सेकंद खाली बघितलं की ३३ मीटर तुम्ही न बघता गेलात, आणि आपल्या रस्त्यांवर तेवढ्यात काय काय आडवं येतं ते मी सांगायला नको.

स्वीडनमधल्या 'वी बीलॅगारे' या मोटार मासिकानं २०२२ मध्ये याची मोजणी केली. ताशी ११० किलोमीटरनं चालत्या गाडीत सीट गरम करणं, रेडिओ लावणं अशी ठरावीक कामं करायला चालकाला किती वेळ लागतो, ते बघितलं. २००५ सालच्या, साध्या बटणांच्या व्हॉल्व्होला १० सेकंद लागले, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सगळ्यात मागे पडलेल्या नव्या, पडदावाल्या गाडीला ४४.६ सेकंद आणि १३७२ मीटर. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपनं २०२६ पासून इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि मदतीच्या कॉलला खरी बटणं किंवा दांड्या असण्याला गुणांकनात महत्त्व दिलं आहे.

शोरूममध्ये करायची परीक्षा सोपी आहे. सोबतच्याला फोनवर वेळ लावायला सांगा, तुम्ही समोर बघत राहा आणि ही कामं करा:

1. एसीचा पंखा दोन घर कमी करा.
2. हवा पायांकडून काचेकडे वळवा. पावसाळ्यात काच धुकटते तेव्हा हेच लागतं.
3. आवाज पूर्ण बंद करा.
4. फोनचा नकाशा लावलेला असताना एसीचं तापमान बदला. नकाशा गायब होतो का, परत किती वेळात येतो?
5. मागची काच गरम करायचं बटण शोधा.

पहिल्या दोन कामांसाठी पडद्याच्या मेनूत शिरावं लागत असेल, तर मी ती गाडी यादीत खाली ढकलते. पडद्याखाली वेगळी पट्टी आहे म्हणून खूश होऊ नका. ती पट्टीही स्पर्शाची असू शकते. २०२३ च्या नव्या नेक्सॉनमध्ये एसीच्या पट्टीवर दोन खटके खरे आहेत आणि बाकीचं काम स्पर्शावर चालतं. घाम आलेल्या बोटानं, हादरणाऱ्या गाडीत ते कसं वाटतं हे टेस्ट ड्राइव्हमध्ये बघायचं.

पडद्याभोवतीच्या आणि गिअरभोवतीच्या चकाकत्या काळ्या प्लास्टिकवर एकदा बोट फिरवा. ठसा दिसेल, तो पुसाल तेव्हा बारीक ओरखडे दिसतील, आणि दुपारच्या उन्हात त्यावरची तिरीप थेट डोळ्यांत येईल. फोटोत मात्र फारच छान दिसतं ते.

## ७. टेस्ट ड्राइव्ह: रस्ता तुम्ही निवडा

शोरूमचा ठरलेला गुळगुळीत रस्ता नको म्हणा. एक चढ, एक यू-टर्न, दोन-तीन गतिरोधक आणि एक अरुंद जागेतलं रिव्हर्स पार्किंग असं सगळं त्यात यायला हवं. जमलं तर संध्याकाळी, अंधार पडताना जा. फिक्या रंगाच्या डॅशबोर्डचं प्रतिबिंब पुढच्या काचेत पडतं ते दुपारी कळतं, आणि कुठली बटणं उजळत नाहीत ते अंधारात.

रिव्हर्स गिअर कसा पडतो? फोक्सवॅगन-स्कोडाच्या मॅन्युअलमध्ये दांडी खाली दाबावी लागते, काही गाड्यांत कडी वर ओढावी लागते, काहींत नुसतं उजवीकडे खाली. ऑटोमॅटिकची दांडी प्रत्येक वेळी मधल्या जागी परत येणारी असेल तर गाडी 'पी' मध्ये, म्हणजे पार्कमध्ये, गेली की नाही हे हाताला कळत नाही. अशाच दांडीपायी २०१६ मध्ये फियाट क्रायस्लरनं जगभरातल्या सुमारे ११ लाख गाड्या परत बोलावल्या; गाडी पार्क केली असं समजून लोक उतरत होते आणि ती घरंगळत होती. तेव्हा टेस्ट ड्राइव्ह संपताना 'पी' टाका, मीटरवरचं अक्षर वाचा, मगच दार उघडा.

सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोय कित्येक गाड्यांत असते. ती बंद करायचं बटणही असतं, फक्त गाडी पुन्हा चालू केली की सोय पुन्हा सुरू. ज्यांना चीड येते ते रोज सकाळी ते बटण दाबतात. तुम्ही त्यातले आहात का, हे पहिल्याच सिग्नलला कळेल.

आणि आवाज. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना वेगाची सूचना देणारा आवाज सक्तीचा आहे: ताशी ८० च्या वर अधूनमधून, १२० च्या वर सतत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात मोटारींना १०० ची परवानगी आहे, म्हणजे नियमात राहूनही गाडी टुंग टुंग करत राहते. सूचना सगळ्यांना आहे, पण काही गाड्यांचा आवाज सौम्य आहे आणि काहींचा डोक्यात जाणारा. तो ऐकूनच घ्या. गॅरेजवाला "काढून टाकतो" म्हणेल. तारा कापल्या की वॉरंटीचा वाद तुमच्या गळ्यात.

## ८. पावसाची परीक्षा

सनरूफ घेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: त्याच्या चौकटीत पाणी येणारच असं धरूनच ते बनवलेलं असतं, आणि ते बाहेर काढायला बारीक नळ्या खांबांतून खाली जातात. झाडाखाली गाडी उभी राहिली की पानांच्या कचऱ्यानं त्या तुंबतात आणि पाणी छताच्या कापडातून आत ठिबकतं. कोकणात, गोव्यात राहणाऱ्यांनी पावसाळ्याआधी त्या साफ करून घ्यायच्या. मागचा वायपर व्हेरियंटमध्ये आहे का बघा. हॅचबॅक आणि एसयूव्हीची उभी मागची काच चिखलानं लगेच माखते.

पेट्रोलचं झाकण कुठल्या बाजूला ते मीटरवर पंपाच्या चिन्हाशेजारचा बाण सांगतो. फोर्डमधल्या जिम मॉयलन यांना १९८६ मध्ये पंपावर चुकीच्या बाजूला गाडी लावून पावसात भिजल्यावर ही कल्पना सुचली आणि त्यांनी कंपनीला लिहून दिली. एका बाणानं जगभरातल्या लोकांचा त्रास वाचला. गाडीत असं एखादं काम नीट केलेलं दिसलं की मला फार बरं वाटतं.

## ९. पैसे भरण्याआधी खोडींची तीन ढिगांत वाटणी करा

टेस्ट ड्राइव्हहून घरी आलात की त्याच दिवशी लिहून काढा.

सवय होणाऱ्या: इंडिकेटरची उलटी दांडी, वेगळा रिव्हर्स, मधला वेगमापक. यावरून गाडी सोडू नका.

थोड्या पैशांत सुटणाऱ्या: हात टेकायची सोय, टाइप-सीचा अडॅप्टर, काळ्या प्लास्टिकवरची फिल्म, चटया. कंपनीची किंवा तारा न कापता जोडता येणारी वस्तूच घ्या.

गाडी विकेपर्यंत राहणाऱ्या: जाड खांब, सीटची उंची, रुतलेली बक्कलं, डिकीचा आकार, पडद्यात कोंबलेला एसी. या ढिगात रोज भेटणाऱ्या दोन खोडी निघाल्या तर दुसरी गाडी बघा. वर्षातून एकदा भेटणारी असेल तर चालवून घ्या. स्टेपनी पोटाखाली आहे म्हणून कुणी चांगली गाडी सोडू नये.

सगळ्यात मोठा सापळा इथेच आहे. टेस्ट ड्राइव्हची गाडी जवळजवळ नेहमी वरच्या व्हेरियंटची असते. तुम्ही घेणार त्यात सीट वर होत नाही, मागचा वायपर नाही, डिकीला खिट्टी आहे. तुमचाच व्हेरियंट दाखवा म्हणून अडून बसा. शोरूममध्ये नसेल तर स्टॉकयार्डात असतो, किंवा कुणाची डिलिव्हरी त्या आठवड्यात असते. "सेमच आहे मॅडम, फक्त अलॉय नाहीत" यावर सही करू नका. व्हेरियंट, रंग आणि बुकिंग रद्द केलं तर किती पैसे परत, हे पावतीवर लिहून घ्या.

## १०. डिलिव्हरीच्या दिवशी

पेढे, हार, फोटो होऊ दे. त्यानंतर निघण्याआधी अर्धा तास मागून घ्या. फोन जोडून घ्या, नको असलेले आवाज मेनूतून बंद होत असतील तर करून घ्या, बॉनेटची खिट्टी आणि ओढायचा हुक कुठे आहे ते बघा.

बिनचावीच्या गाडीचा रिमोट हातात घेतलात की त्याच्या पोटात लपलेली खरी चावी बाहेर काढून दाखवायला सांगा. तिचं भोक दाराच्या मुठीवर एखाद्या टोपणाखाली झाकलेलं असू शकतं. ते टोपण स्वतः एकदा काढून, चावीनं दार उघडून बघा. रिमोटची बॅटरी संपल्यावर तो स्टार्टच्या बटणाला टेकवून किंवा ठरलेल्या जागी ठेवून गाडी चालू होते. ती जागा मॉडेलप्रमाणे बदलते, तेव्हा रिमोट तिथे ठेवायला लावा आणि फोनवर फोटो काढून घरातल्या प्रत्येक गाडी चालवणाऱ्याला पाठवा.